मोडकी खुर्ची, नग एक

साहेबांनी डेडस्टॉकचं, म्हंजे शाळेच्या सामानसुमानाचं रजिस्टर उघडलं आन् एकेक वस्तू वाचून इचाराय लागले.

साहेब म्हंजे शिक्षण विस्तार अधिकारी. मिरजगावाकडनं सायकलीवर, न कळवता आलेले. आमची एका खोलीची शाळा, मी एकटा मास्तर, समोर चौदा पोरं. बाकीची आईबापासंगं दुष्काळी कामावर. तसा मी लई खोडकर. सरपंचाच्या सायकलची हवा सोडायची आन् वर आपनच पंप घेऊन मदतीला जायचं, असला मी. पन त्या दिवशी खोडी माझ्याच अंगाशी आली.

"घंटा, एक."

"हाय."

"खुर्ची मोडकी, नग एक."

सरकारी कायदा असा, की वस्तू मोडली तरी वरून हुकूम येईस्तोवर ती मोडकीच जपून ठेवायची. शेजारच्या गावात एका मास्तरानं मोडका स्टूल चुलीत घातला, तर त्याला घरी बसवलं. माझ्या घरात खानारी सहा तोंडं, साल त्र्याहत्तरचं. नोकरी गेली असती तर मलाच खडी फोडाय जावं लागलं असतं.

आन् खुर्ची तर म्याच पोरांच्या हवाली केल्ती.

झालं असं, की नगरच्या शिबिरात एक बाई बोलल्या हुत्या, पोरांना उत्तरं पाठ करायला लावू नका, अडचन शोधायला लावा. मला गंमत वाटली. मी चौथीला सांगितलं, घरी कुनाला काय छळतंय ते इचारा. त्यावर कायतरी बनवा, त्यालाच वापराय द्या. चुकलं तर परत बनवा.

शरिफानं तिच्या नानीला इचारलं. मेहताबनानी दुष्काळी कामावर खडी फोडायची. डाव्या हातानं दगड धरायचा, उजव्यानं हातोडा, आन् आठवड्याला एक बोट ठेचायचं. पोरांनी दगड धरायला सुतळीचं कडं केलं. ते दोन दिवसांत तुटलं. मग खुर्चीचा वेत भिजवून कडं वळलं, त्याला खुर्चीच्याच लाकडाची दांडी. नानी म्हनली, दगड घसरतोय. मग कड्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली, तवा जमलं. ते बघून बाकीच्या बाया मागाय लागल्या. सहा कडी झाली आन् खुर्चीचं लाकूड संपलं.

साहेबांनी चष्म्यावरनं बघितलं. "गुरुजी, खुर्ची?"

तोंडाला थापांची सवय. "दुष्काळी कामावर दिलीय साहेब. मुकादमाला बसायला."

"मोडकी खुर्ची?"

"भिंतीला टेकवून बसतोय."

"माळावर भिंत कुठली? चला, बघून येऊ."

अर्धा कोस चाललो. साहेब काखेत रजिस्टर घेऊन पुढं, मी त्यांची सायकल ढकलत, मागं सारी पोरं. सदरा पाठीला चिकटलेला. मारुतीला नारळ बोललो, पिराला चादर बोललो. शरिफा जवळ आली.

"गुरुजी, तुमाला बरं न्हाई का?"

"गप चाल. तिथं काय बी बोलू नको."

"इचारलं तरी?"

"इचारलं तरी."

मुकादम भिमाजी दगडावर बसून बिडी ओढत हुता. साहेबांनी त्याला खुर्चीचं इचारलं.

"कसली खुर्ची? तीन म्हैनं झालं, बूड दगडावरच हाय."

बाया हसल्या. साहेब माझ्याकडं वळले. "गुरुजी, खोटं बोललात तर ते वेगळं लिहावं लागतं."

मी दुसरी थाप जुळवाय लागलो. तेवढ्यात मेहताबनानीनं कडं वर केलं. "खुर्ची म्हंजी ही की. आमच्या पोरीनं केलीया."

साहेबांनी दांडी फिरवून बघितली. पांढऱ्या रंगात लिहिलेला खुर्चीचा रजिस्टरातला नंबर, सहा, तसाच हुता.

"हे कोणी शिकवलं?" त्यांनी शरिफाला इचारलं. ती गप. परत इचारलं, तरी गप. माझ्याकडं बघतीय.

"बोल गं," मी म्हनलो.

"कुनी न्हाई शिकवलं. गुरुजी नुसतं म्हनायचे, नानीला परत इचारून ये."

साहेब खाली बसले. नानीचा हातोडा घेतला, कड्यात दगड धरला आन् चार दगड फोडले. मग हात झटकून रजिस्टरात लिहिलं. मी उलटं वाचलं: खुर्ची तोडली. खुलासा मागवावा.

"साहेब, माझी नोकरी..."

"ते वरचे ठरवतील. खुलाशाला नमुना जोडावा लागेल. हे कडं मी नेतो."

नानीनं ते हातातनं काढून घेतलं. "न्हाई देनार. उद्या काय परत बोटं ठेचू?" बाकीच्या बायांनी आपापली कडी पदराखाली घातली.

साहेबांनी सोडून दिलं. "मग नवीन करून पाठवा. आठ दिवसांत. वरच्यांना नुसत्या कागदावरून कळणार नाही." एवढं बोलून सायकलवर टांग टाकली. मानूस मला वाचवतोय का बुडवतोय, मला काय उमजलं न्हाई.

शाळेत आलो. थोडा वेत उरलेला, ट्यूब बी हुती. दांडीला लाकूड न्हवतं. दुष्काळात गावातली काडी न् काडी चुलीत गेल्ती. चौदाच्या चौदा पोरं कोपऱ्यातल्या तीन पायांच्या टेबलाकडं बघाय लागली. रजिस्टरात ते खुर्चीच्या खालीच, नंबर सात.

"गुरुजी," शरिफा हळूच म्हनली, "त्याचा एकच पाय लागंल."

मी जाऊन टेबलावर बसलो. पाठ भिंतीला, दोनी हातांनी कडा धरून. शाळा सुटायची वेळ टळली तरी उतरलो न्हाई.