अकरावा वाटा

आधीच सांगून ठेवते, मला कोणी फसवलं नाही. जे केलं ते मी माझ्या हातानं केलं, आणि वर त्याचं कौतुकही करून घेतलं.

मी सबा. भुसावळची. अब्बा गाद्या-रजया भरतात आणि गल्लीत सांगत फिरतात की पोरगी जळगावात सीए झाली. कुठली झाली? दोन वर्षांची आर्टिकलशिप चालू आहे, म्हणजे सीएच्या ऑफिसात राबायचं, घरी येऊन परीक्षेचं वाचायचं आणि महिन्याला जे हातावर ठेवतात त्यात गाडीचा पास आणि चहा भागवायचा. पहिलं वर्षभर मी दुसऱ्यांच्या बिलांवर नुसत्या खुणा केल्या.

आमच्या सरांचा एक नियम आहे. ऑडिटला गेलात की एक तरी मुद्दा घेऊन यायचा. "मुद्दा नसला तर पार्टी विचारते, फी कशाची घेता?" असं ते म्हणतात. माझा सिनिअर ललित दर वेळी काहीतरी आणायचाच. माझ्या नावावर वर्षभरात एकही मुद्दा नव्हता, आणि मला तो हवा होता. भूक लागल्यासारखा हवा होता.

जूनच्या सुरुवातीला सावद्याजवळच्या एका केळीच्या पॅकहाऊसचं काम आलं. बागेतून घड कापून आणायचे, इथे धुऊन खोक्यांत भरायचे आणि परदेशी पाठवायचे, असा तो धंदा. कापणी टोळ्या करतात. उखर्डूनाना मुकादम असलेली टोळी धुळ्याकडची होती. त्यांच्या हजेरीपत्रकात अकरा नावं होती आणि अकरा अंगठे. मी शेडपाशी उभं राहून माणसं मोजली, ती दहा भरली. दुसऱ्या दिवशी मोजली, तरी दहाच. मग सुपरवायझरला विचारलं, "हा पुना कोण? दिसत नाही कुठे."

मोबाईलमधून मान वर न करता तो म्हणाला, "पुना? तो वारला ना, आखाजीच्या सणाआधी, महिना उलटला. ऊन लागलं. बागेतच पडला."

माझ्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगते, तो दुःखाचा नव्हता. मेलेल्या माणसाच्या नावापुढे सत्तावीस दिवस अंगठा! याहून मोठा मुद्दा कुठे मिळतो? मी पानापानाचे फोटो काढले, तारखा जुळवल्या. टोळी पन्नास पावलांवर निंबाखाली भाकरी खात बसली होती. तिथे जाऊन एक प्रश्न विचारावा, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आमचं कामच मुळी उंटावरून शेळ्या हाकायचं, आणि मी उंटावर पहिल्यांदाच बसले होते.

"मृत व्यक्तीच्या नावे मजुरी, मुकादमाकडून बनावट हजेरी," असं मी लिहिलं. सरांनी ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. "शिका सबाकडून," म्हणाले. त्या दिवशी अब्बांनी पाव किलो जिलबी आणली. मी सगळ्यात जास्त खाल्ली.

दहा-बारा दिवसांनी सरांनी मला कंपनीचं लेखी उत्तर आणायला पुन्हा सावद्याला पाठवलं. गेटबाहेर उखर्डूनाना बसले होते, शेजारी अंथरुणाचं बोचकं. कंपनीनं आमचा मुद्दा वाचून अख्खी टोळी काढून टाकली होती. बाकीचे गावी गेले होते, नाना शेवटच्या हिशोबासाठी थांबले होते. मला बघून ते उठून उभे राहिले. मला वाटलं, आता शिव्या खायच्या. पण त्यांचा आवाज अगदी खाली होता.

"ताई, पैसा आमनाज शे. दहा जनसनं काम, अकरा वाटा. पुनाना वाटा वरीसभर त्यानी बायको रत्नाले देवाना. बठ्ठा टोळ्यासमा आसंच शे."

मी भुसावळची, मला अर्धंच कळलं. मग त्यांनी मला समजेल असं सावकाश सांगितलं. कंपनी मजुरी देते ती क्विंटलवर. टोळीत दहा नावं असोत की अकरा, एकूण रक्कम तीच. टोळीतला माणूस कामावर मेला की वर्षभर त्याचं नाव हजेरीवर ठेवायचं आणि त्याचा वाटा त्याच्या बायकोला द्यायचा, ही टोळ्यांची रीत. उरलेले दहा जण आपापल्या वाट्यातून थोडं थोडं सोडतात. कंपनीचा कारकून हजेरीतल्या नावांप्रमाणेच पाकिटं करतो, म्हणून नाव तिथे लागतं. पुनापुढचा अंगठा नानांचा होता. त्यांनी तो लपवलाही नाही.

कंपनीचा करार माझ्याच फायलीत होता, पहिल्या दिवसापासून. तिथेच गेटबाहेर बसून काढला. वजन गुणिले दर. चार मिनिटं लागली. कंपनीचा एक रुपया गेला नव्हता. मी साप साप म्हणून भुई धोपटली होती आणि मार अकरा घरांना बसला होता. मला स्वतःचीच इतकी चीड आली की नानांची धड माफीही मागता आली नाही.

तडक जळगावला आले आणि सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, तो सावद्याचा मुद्दा चुकला."

सरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मेलेल्या माणसाचं नाव हजेरीत होतं की नव्हतं?"

"होतं."

"मग चुकलं काय?"

"पण नुकसान कोणाचंच नव्हतं, सर. ती टोळी गेली कामावरून. त्याच्या बायकोचा वाटा बंद झाला."

"टोळी काढा असं आपण लिहिलं का? तो त्यांचा निर्णय. उद्या त्या नावावर कोणी विम्याचा दावा केला असता तर?" मग माझ्या तोंडाकडे बघून ते जरा नरमले. "एक ओळ टाक हवं तर."

मी ओळ टाकली. "यात कंपनीचे आर्थिक नुकसान आढळले नाही." अहवालाच्या नवव्या पानावर, तळाला. कंपनीच्या मॅनेजरला फोन करून ती वाचूनही दाखवली. तो म्हणाला, "छान झालं मॅडम. पण आता नवी टोळी लागली, आणि दरही कमी आहे त्यांचा."

रविवारी घरी खोटं सांगून धुळ्याची बस धरली. माफी मागायला चालले आहे, असं मनाला सांगत होते. खरं म्हणजे कोणीतरी मला "जाऊ दे" म्हणावं एवढंच हवं होतं. धुळ्याहून पुढे नानांचं गाव. नाना घरी नव्हते, काम शोधायला गुजरातेकडे गेले होते. शेजारच्या घरातून रत्ना बाहेर आली. पंचविशीची असेल, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी. तिनं तांब्याभर पाणी दिलं. ऑडिटवाली म्हटल्यावर माझ्याकडे नीट बघितलं.

"नाव कोनी कापं, माय?"

येताना बसमध्ये मी चार उत्तरं तयार केली होती. कंपनीनं, सरांनी, नियमानं, नशिबानं.

"मी," म्हटलं. आणि सगळं सांगितलं. मुद्दा, फोटो, कौतुक, जिलबीसुद्धा. माझं नाक वाहत होतं आणि मी बोलतच होते. आमच्या भागातल्या बायका शिव्याशाप द्यायला लागल्या की समोरचा उभा राहत नाही. तिनं तुझं तळपट होवो म्हणावं म्हणून मी वाट बघत होते. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

तिनं तांब्या उचलून बाजूला ठेवला. मग तिनं विचारलं, "तू कापं?"

"हो."

"मंग तूच लिखी दे ना. आते लिखी दे. वरीस व्हवाले दहा महिना बाकी शेतस."

मी सांगितलं, नाही लिहिता येत. नवी टोळी लागली, नवं हजेरीपत्रक आहे, माझ्या हातात काही नाही. मराठीत सांगितलं, हिंदीत सांगितलं, नानांचे दोन-चार शब्द आठवून तिच्या बोलीतही सांगितलं. ती मान डोलवत ऐकत होती. तिचा विश्वास बसला नाही. जिच्या एका ओळीनं नाव गेलं, तिच्या एका ओळीनं ते परत का येत नाही, हे तिला कळेना, आणि मलाही ते सांगता येईना.

परतीची बस पाचची होती. रत्ना आत जाऊन हात पुसून आली आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली. पाच वाजेपर्यंत ती माझ्या बॅगेकडे बघत होती, मी आता वही काढेन म्हणून.