इंग्रजांची गोजराबाई

मी बाक बोलतोय. बसवनगुडीतल्या नरसिंहराव वकिलांच्या ओसरीवरचा, फणसाच्या लाकडाचा. बोलायची मला हौस नाही. पण इतकी वर्षं नुसतं ऐकून ऐकून माझं डोकं फिरायची वेळ आली आहे. मला डोकं नाही, तरी ही अवस्था. यावरून काय ते समजा.

माझा जन्म चामराजपेटेतला. यल्लाप्पा सुतारानं मला एका भजनमंडळीसाठी घडवलं होतं. टाळ-मृदंग ऐकत मी सुखानं म्हातारा झालो असतो. पण मला मंदिरात कुठल्या बाजूला ठेवायचं, यावरूनच मंडळींत भांडण लागलं. भांडता भांडता मंडळी फुटली. शेवटी वैतागून यल्लाप्पानं मला हातगाडीवर घातलं आणि वकिलांच्या ओसरीवर आणून ठेवलं. भांडणातून सुटलो म्हणून मला कोण आनंद झाला होता! आणि आलो कुठे, तर वकिलाच्या दारात.

नरसिंहराव माणूस चांगला. त्यांचे पूर्वज शहाजीराजांच्या काळात बंगळुरात आले आणि इथलेच होऊन गेले. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, कोर्टात इंग्रजी, आणि राग आला की तिन्ही एकदम. त्यांच्या पत्नी वसुमतीबाई आतल्या खोलीच्या खिडकीशी भाजी निवडत बसायच्या आणि पक्षकारांची सगळी कर्मकहाणी ऐकायच्या. कॉफी कुणाला द्यायची आणि कुणाला नाही, हे त्या ऐकण्यावरून ठरायचं.

माझ्यावर बसणाऱ्या माणसांची एक खोड मला कधीच आवडली नाही. विचारायला म्हणून येतात आणि उत्तर घरूनच घेऊन येतात. वकिलांनी फक्त मान डोलवायची. ती नाही डोलवली की ही माणसं नखानं माझं पॉलिश खरवडायला लागतात. खोटं बोलणारे अगदी कडेवर बसतात. ऐकायचं नाही असं ठरवून आलेले मांडी घालून बसतात. माझा सगळा मधला भाग खरवडून पांढरा झाला आहे तो असल्या मंडळींमुळे.

नागरिकत्वाचा कायदा झाला, पाठोपाठ भाषावार राज्यं झाली, आणि आमच्या ओसरीवर जत्रा भरली. चिकपेटेतले गुंडोपंत कापडवाले एकदा आले. घाबरेघुबरे झाले होते.

"स्वामी, आपण घरी मराठी बोलतो. राज्य झालं कन्नडांचं. मग आपण नागरिक कुठले? मुंबईला जाऊन नाव लावून येऊ का?"

"गुंडोपंत, नागरिकत्व एकच असतं. भारताचं. राज्याराज्याचं वेगळं नसतं."

"सरी, सरी. कळलं." ते उठले, वहाणा घातल्या, फाटकापर्यंत गेले आणि परत आले. "मग म्हैसूरचं कधी मिळेल म्हणता?"

वकिलांनी कपाळाला हात लावला. मला हात नाहीत, नाहीतर मीही लावला असता. पण गुंडोपंत निदान निरुपद्रवी होते. माझ्या जिवाला खरा घोर लावला तो रघुजीनं.

ते सत्तावन साल असावं. सकाळी रघुजी, त्याचा धाकटा भाऊ मानसिंग आणि त्यांची आई गोजराबाई असे तिघं आले. दोघे मुलगे माझ्या दोन टोकांना बसले आणि आईला त्यांनी मधे बसवलं. रघुजीचं चिकपेटेत जरीच्या किनारीचं दुकान होतं, त्यामुळे अंगानं तो चांगला भरला होता. मानसिंग कचेरीत कारकून, तोही काही कमी नव्हता. दोन्ही टोकं माझी खाली दबली. मधल्या म्हातारीचं वजन मला कळलंही नाही. तिच्या मांडीवर एक बोचकं होतं. ते त्या दिवशी सकाळी थोरल्या सुनेनं बांधून उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं. आज दुपारी गोजराबाई कुणाच्या घरी जेवणार, हे तिघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. तेच ठरवायला ते आले होते.

रघुजीनं सुरुवात केली. "स्वामी, आमची आई दंडूतली."

दंडू म्हणजे कँटोनमेंट. तुम्हाला ठाऊक असेल, पूर्वी या शहराचे दोन तुकडे होते. पेटेकडचं जुनं शहर म्हैसूरच्या महाराजांचं आणि दंडू इंग्रजांचा. स्वातंत्र्याच्या थोडे दिवस आधी इंग्रजांनी दंडू म्हैसूरच्या हवाली केला. गोजराबाई जन्मली दंडूतल्या हलसूरला. तिचे वडील पलटणीच्या घोड्यांना नाल ठोकायचे. लग्न होऊन ती चामराजपेटेत आली तेव्हा सासरच्या बायका तिला गमतीनं 'इंग्रजीण' म्हणायच्या. त्या गमतीचं पुढे तिचा मुलगा काय करणार आहे, हे त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक!

"ती जन्मली इंग्रजांच्या हद्दीत," रघुजी म्हणाला. "मी जन्मलो महाराजांच्या हद्दीत. म्हणजे ती इंग्रजांची रयत आणि मी म्हैसूरची. दोघं वेगळ्या सरकारची माणसं. मग एका सरकारच्या माणसानं दुसऱ्या सरकारच्या माणसाला पोसावं, असं कुठल्या कायद्यात लिहिलंय? इंग्रजांनी बघावं तिचं. आईचा अंगठा घेऊन तसा अर्ज करून द्या, म्हणून आलो."

नरसिंहरावांनी हातातली कॉफी खाली ठेवली. "रघुजी, ही तुझी आई आहे ना?"

"आई तर आहेच, स्वामी. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही."

असला संताप आला मला! वाटलं, त्याच्या बाजूचा पाय मोडून घ्यावा आणि त्याला ओसरीवरून खाली अंगणात लोळवावं. पण यल्लाप्पानं मला फार पक्कं बनवलं होतं.

"ऐक," नरसिंहराव म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "ज्या दिवशी राज्यघटना लागू झाली, त्या दिवशी ही बाई इथं राहत होती. या देशात जन्मली, या देशात नांदली. ती भारताची नागरिक आहे, जशी माझी बायको, जसा तू. दंडू आणि पेटे ही हद्द आता उरलेलीच नाही. आणि उरली असती तरी नागरिकत्वाचा कायदा वेगळा आणि आईबापांना पोसण्याचा कायदा वेगळा. उद्या ती चीनची नागरिक झाली तरी तुझी आईच राहील."

"तसं असतं का?" रघुजी म्हणाला. त्याला ते अजिबात पटलेलं नव्हतं. तो मांडी घालून बसला.

"मी तेच सांगतोय अण्णाला," मानसिंग दुसऱ्या टोकाकडून म्हणाला. "इंग्रजबिंग्रज काही नाही. थोरल्यानं आईला सांभाळायचं, ही रीत आहे."

"आणि तू?"

"मी धाकटा." हे त्यानं अशा सुरात सांगितलं की जणू त्याला जन्मापासूनचा काही आजार होता.

"धाकटा म्हणजे काय, लुळापांगळा?" वकील कडाडले. "कायद्यात थोरला-धाकटा नाही. दोघांवर सारखी जबाबदारी आहे."

"थोरला-धाकटा नाही?" रघुजीनं मानसिंगकडे बघितलं. सकाळपासून पहिल्यांदा दोघा भावांचं एकमत झालं होतं. "मग कसला हा कायदा, स्वामी?"

हे असं बराच वेळ चाललं. आई कुणाची, कुणाच्या हद्दीतली, कुणाच्या वाट्याची. आणि ती मधे बसलेली. दोघं तिच्या डोक्यावरून बोलत होते. तिला कुणी काही विचारलं नाही, अगदी वकिलांनीसुद्धा. ते रागावण्यात गुंतले होते. गोजराबाई बोचक्याची गाठ सोडत होती आणि परत बांधत होती. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात फाटक वाजलं. रघुजी-मानसिंगची बहीण जमनाबाई चामराजपेटेतून तरातरा चालत आली होती. तिचा नवरा उमाजी शिंपीकाम करायचा. घर छोटं, पण दोघं माणसं समाधानानं राहत होती.

"अण्णा, आईला घेऊन वकिलाकडं आलास आणि मला स्वल्प कळवलं पण नाहीस? शेजारणीकडून कळायचं मला?"

"तुला काय कळवायचं? तू दिलेली मुलगी."

जमनाबाईनं त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. ती वकिलांसमोर उभी राहिली. "राव, आईला माझ्याकडं पाठवा. आमचे हे पण तयार आहेत. मी कधीची पाया पडतेय, ती ऐकत नाही."

आता मात्र गोजराबाई बोलली. "नको गं जमने. तुझ्याकडं कशी येऊ मी?"

कारण असं होतं की जमनाबाईला मूलबाळ नव्हतं. लेकीला मूल झाल्याशिवाय आईनं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. म्हणून जमनाबाईच्या लग्नाला इतकी वर्षं होऊनही गोजराबाईनं तिच्या घरी पाण्याचा घोट घेतलेला नव्हता. सणावाराला जायची, भिंतीला टेकून बसायची आणि कोरड्या तोंडानं परत यायची. लेकीला त्याचं काय वाटत असेल, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण रीत मोडायची कशी? आणि कुणी सांगितलं म्हणून मोडायची?

मला तर आता माय-लेकींचाही राग आला. जिला आई हवी आहे तिच्याकडे आई जात नाही, आणि ज्यांच्याकडे ती आहे त्यांना ती नको आहे. या माणसांचं करायचं तरी काय?

नरसिंहराव उठले, आत गेले आणि एक पुस्तक घेऊन आले. चष्मा लावून उभ्या उभ्याच त्यांनी एक पान काढलं. "गोजराबाई, इकडं लक्ष द्या. गेल्याच वर्षी हा नवा कायदा झालाय. म्हाताऱ्या आईबापांना स्वतःचं उत्पन्न नसेल तर त्यांना पोसणं हे मुलग्यांचं जसं काम, तसंच मुलीचंही. उपकार नव्हे, काम. तुमचा तो हक्क आहे."

गोजराबाईनं मान वर केली. "मुलीचंही?"

"मुलीचंही."

मग अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "मूल न झालेल्या मुलीचंही, राव?"

माझ्यावर आजपर्यंत हजारो प्रश्न विचारले गेले असतील. घरून उत्तर न आणता विचारलेला असा प्रश्न मी तोच ऐकला.

नरसिंहरावांनी पुस्तकात परत एकदा पाहिलं. त्यांना पाहायची गरज नव्हती, पण त्यांनी पाहिलं. "मूल झालेली, न झालेली, असं इथं काही लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "मुलगी एवढंच लिहिलंय."

जमनाबाई मटकन ओसरीच्या पायरीवर बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. इतक्या वर्षांत तिला कुणी नुसती मुलगी म्हटलंच नव्हतं. आतल्या खिडकीतून वसुमतीबाईंच्या भाजी चिरण्याचा आवाजही थांबला.

गोजराबाईनं बोचक्याची गाठ घट्ट केली आणि ती उठली.

आणि आता पहा गंमत. इतका वेळ आईला इंग्रजांच्या पदरात घालायला निघालेला रघुजी ताडकन उभा राहिला. "आई, कुठं चाललीस? दोन दोन मुलगे असताना लेकीच्या दारात राहणार? चामराजपेटेत तोंड दाखवायला जागा राहील का आम्हाला?"

मानसिंगही उठला. "लोक काय म्हणतील, आई! चल, घरी चल. अण्णाच्या घरी."

दोघं एकदम उठले त्यामुळे मी पहिल्यांदा सरळ उभा राहिलो. गोजराबाईनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता थकवा होता.

"मी इंग्रजांची ना रे रघू?" ती म्हणाली. "मग लंडनला लिही. ते देतील तर घेऊन जा मला."

मुलीकडे आई राहिली म्हणून मुलगे सुटत नाहीत, दोघांनी आपापला वाटा तिच्या घरी पोचवायचा, हे नरसिंहरावांनी दोघांना तिथल्या तिथे बजावलं. ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडतील अशी मला खात्री होती, आणि झालंही तसंच. पुढे वकिलांना किती वेळा नोटिशीचा धाक घालावा लागला!

वसुमतीबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. "उन्हाचं चालत जाणार तुम्ही. स्वल्प पाणी पिऊन जा."

गोजराबाईचे ओठ सुकले होते. तिनं तांब्याकडे पाहिलं आणि हात जोडले. "नको अक्का, रागावू नका. आता लेकीकडंच पिईन." जमनाबाईचा हात धरून ती पायऱ्या उतरली.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. गोजराबाई शेवटपर्यंत लेकीकडे राहिली आणि गेल्या साली तिथेच गेली. नरसिंहराव आता थकलेत. त्यांचा मुलगा त्रिविक्रम वकिली करतो आणि त्याला माझ्या जागी लोखंडी खुर्च्या हव्या आहेत. माझा एक पाय डुगडुगतो, मधल्या फळीला चीर पडली आहे. मला कुठेही टाकलं तरी माझी तक्रार नाही. भजनमंडळी पुन्हा एक झाली असेल तर तिथे पाठवलं तर बरंच.

पण माणसं काही सुधारली नाहीत. परवाच दोघे भाऊ आले होते, म्हाताऱ्या वडिलांना मधे बसवून. ते वडील बर्मातून सगळं गमावून परत आलेत, त्यांच्या हातातले कागद बर्माचे. तर थोरला त्रिविक्रमला विचारतो, "कायद्यानं हे आमचे वडील ठरतात का?" मी ते ऐकलं आणि माझी चीर आणखी वाढली.

म्हणून जाता जाता हात जोडून सांगतो, मला हात नाहीत तरी जोडून सांगतो. वाटेल ते विचारा. माझं पॉलिश खरवडा, पाय मोडा. पण ज्याला सांभाळायचं त्याला माझ्यावर मधोमध बसवून त्याच्या डोक्यावरून भांडू नका. परवाचे ते म्हातारेही मांडीवरच्या पिशवीच्या बंदाला गाठी मारत होते. मी लाकूड असून मला सगळं ऐकू येतं. त्यांना येत नसेल?