बॅटरी संपली असेल

मित्रांनो, मला आधी नीट बघून घ्या. माझी जाडी अंगठ्याएवढी. पाठीवर रबराचे काळे कवच, एका कोपऱ्याचा टवका उडालेला, बटणांच्या फटीत ग्रीस. मी सहा वर्षांचा स्मार्टफोन आहे, म्हणजे आमच्या कुळात पणजोबाच. तरीही सकाळी पोट भरले की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी कुणाकडे वायर मागत नाही. हल्लीचे फोन दर चार तासांनी भिंतीकडे धावताना बघतो आणि मला त्यांची कीव येते. खरे सांगायचे तर कीवही येत नाही, हसूच येते.

गोष्ट जन्मापासून सांगायची रीत आहे. मी एका मंगळवारपासून सांगतो, कारण त्या घरातला तो शेवटचा साधा दिवस होता.

त्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर डब्यांना टेकून उभा होतो. माझे पहिले मालक लिफ्ट दुरुस्त करणारे मिस्त्री. दीड महिन्यापूर्वी त्यांच्याकडे नवा फोन आला आणि मी त्यांच्या बायकोकडे गेलो. घरात त्यांना आई म्हणत, मीही म्हणतो. संध्याकाळी सात वाजता मिस्त्री आले, बूट काढले, आणि खिशातून तो नवा फोन काढून माझ्या शेजारी चार्जिंगला लावला.

"संपला गं बिचारा."

"कधी?" आईंनी विचारले.

"शाफ्टमधून वर आलो तर ह्याने डोळे मिटलेले."

टेबलावर लॅपटॉप उघडून बसलेली मुलगी मान वर न करता म्हणाली, "बाबा, ब्राइटनेस कमी ठेवत जा ना."

"ठेवला साहेब. आता इतका कमी केलाय की चष्म्यावर चष्मा लावावा लागतो."

मुलगी कचेरीत नोकरीला लागल्यापासून ते तिला साहेब म्हणत. ती हसली. मिस्त्रींनी पावडर चोळून हातांचे ग्रीस काढले, दोनदा वाढून घेतले, आणि हल्ली जिने फार उंच बांधतात अशी तक्रार केली. मी शेजारच्या त्या नाजूक जिवाकडे बघत होतो. मी त्याला पातळराव म्हणतो. काच दोन्ही बाजूंनी, कडा सोनेरी, आणि आत बॅटरी म्हणाल तर चिमणीच्या चोचीतला दाणा. बडा घर, पोकळ वासा.

आता जन्माकडे येतो. मला घडवताना कुणी सौंदर्याचा विचार केला नाही, हे माझ्याकडे पाहून कळतेच. आधी मोठी बॅटरी ठेवली, मग तिच्याभोवती उरलेला फोन बसवला. दुकानात मला खालच्या कप्प्यात ठेवले होते. मिस्त्री आले तेव्हा विक्रेत्याने वरच्या कप्प्यातले सगळे पातळ फोन काचेवर मांडले.

"काका, हा धरून बघा. हातात आहे हेच कळत नाही."

"मग पडला तरी कळणार नाही," मिस्त्री म्हणाले. "मला एक सांग, टॉर्च लावून ठेवला तर किती तास चालेल?"

एवढा सरळ प्रश्न त्या दुकानात बहुधा कुणी विचारलाच नव्हता. विक्रेता खाली वाकला आणि त्याने मला बाहेर काढले.

मिस्त्रींचे काम असे. ते लिफ्टच्या डब्याच्या छपरावर उभे राहत, नाहीतर डबा ज्यातून वरखाली होतो त्या शाफ्टच्या तळाशी उतरत. दोन्ही हात कामात. म्हणून ते मला शर्टाच्या खिशात उभे करत, आणि माझा उजेड खिशाच्या काठावरून बरोबर त्यांच्या बोटांवर पडे. हे मला जमे ते जाडीमुळे. मी खिशात अडकून उभा राही, खाली घसरत नसे. एकदा वीज गेली आणि एक म्हातारी दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. मिस्त्री छपरावर बसून फटीतून माझा उजेड तिला दाखवत राहिले आणि तिच्या नातवंडांची नावे विचारत राहिले. अडीच तास. बाहेर आल्यावर तिने आधी मला हात लावला, मग मिस्त्रींना. त्यांचा कामावरचा जोडीदार मला 'वीट' म्हणे. मिस्त्री म्हणत, "असू दे. ह्या विटेवर माझं घर उभं आहे."

शाफ्टमध्ये रेंज नसते. म्हणून लग्नापासून त्यांचा आणि आईंचा एक ठराव होता. काम आटोपून वर आले की मिस्त्री घरी एक रिंग देत आणि कापत. कुणी उचलायचे नसे. एक रिंग म्हणजे 'वर आलो'. साधारण तीन वाजता. मी पाच वर्षे ती रिंग दिली. एकदाही चुकलो नाही.

मग मुलीच्या कचेरीची लिफ्ट बिघडली आणि दुरुस्तीला नेमके मिस्त्री गेले. दुपारी ती दोन मैत्रिणींबरोबर खाली आली. मिस्त्रींच्या शर्टावर ग्रीस होते आणि माझ्या वजनाने खिसा लोंबत होता.

"हे बाबा," मुलगी म्हणाली. आवाज असा, की जणू दात दुखत असावेत.

थोडे पुढे गेल्यावर एक मैत्रीण कुजबुजली, "खिशात काय होतं गं त्यांच्या? डबा?"

"डबाच तो," मुलगी म्हणाली आणि त्यांच्याबरोबर हसली.

मिस्त्रींनी ते ऐकले की नाही, मला ठाऊक नाही. मी ऐकले.

पुढच्याच रविवारी "जरा साफ करून आणते" असे सांगून तिने मला पर्समध्ये टाकले आणि दुकानात नेले. मला काचेवर आडवे ठेवून ती विक्रेत्याला म्हणाली, "ह्याच्याहून निम्म्या जाडीचा द्या." त्याने पातळराव दाखवला. पण तो माणूस प्रामाणिक निघाला.

"कोणासाठी, मॅडम?"

"बाबांसाठी."

"दिवसभर बाहेर असतात? टॉर्च वगैरे लागतो?"

"लागतो."

"मग हा नका घेऊ. दिसायला सुरेख आहे, पण एवढ्याशा अंगात बॅटरी मावणार कुठे? त्यांना दुपारपर्यंतसुद्धा पुरणार नाही. त्यापेक्षा तो थोडा जाड बघा."

"जाड आहे त्यांच्याकडे." तिने पातळराव स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकला आणि आरशात पाहिले. "बघा, खिशात आहे असं वाटतसुद्धा नाही."

मित्रांनो, गिऱ्हाइकाने शंका काढायची आणि विकणाऱ्याने थापा मारायच्या, हा बाजाराचा नियम. इथे विकणारा खरे बोलत होता, आणि शिकलेली, चार पुस्तके वाचलेली, पगारदार बाई आरशात खिसा बघत होती. मी पुष्कळ मूर्खपणा पाहिला आहे, पण एवढा नटूनथटून आलेला मूर्खपणा तेवढाच.

मिस्त्रींना मात्र कोण आनंद. जो भेटेल त्याला फोन दाखवायचे. "साहेबांनी दिलाय." पातळराव त्यांच्या खिशात उभा राहत नसे, तळाशी जाऊन बसे, आणि उजेड पडे तो खिशातल्या कापडावर. मग त्यांनी रबरबँड लावून तो मनगटावर बांधायला सुरुवात केली. चार्जर पिशवीत असे, पण दुसऱ्याच्या इमारतीतली वीज आपल्या फोनला घेणे त्यांना पटत नसे. त्यामुळे दोन-अडीचपर्यंत पातळराव निपचित पडे, आणि तीनची रिंग येत नसे.

पहिल्या आठवड्यात आईंनी जोडीदाराला फोन केले, गॅलरीत येरझारा घातल्या. मुलगी म्हणे, "अगं, बॅटरी संपली असेल." आणि खरेच, प्रत्येक वेळी बॅटरीच संपलेली असे. महिन्याभरात ते वाक्य घरात रुळले. रिंग आली नाही तर आईच ते म्हणू लागल्या. रिंगेची जागा त्या वाक्याने घेतली.

आणि आता माझे सांगतो, कारण दुसऱ्यांना नावे ठेवणाऱ्याने स्वतःचेही सांगावे. तीन वाजून गेले आणि मी वाजलो नाही, की मला आनंद व्हायचा. मेला, आजही मेला, असे मी पातळरावला मनात म्हणायचो. त्या दीड महिन्यात मी रोज ह्याच आनंदावर जगत होतो.

बुधवारी तीन वाजले. रिंग आली नाही. मी खूश.

मुलगी त्या दिवशी घरूनच काम करत होती. साडेतीनला आईंनी मला उचलले. "एकदा लावून बघू का गं?"

मुलीची मीटिंग चालू होती. तिने माइकवर हात ठेवला. "बंदच लागेल, आई. बॅटरी संपली असेल."

आईंनी मला ठेवले. पाच वाजता पुन्हा उचलले. ह्या वेळी मुलीने बघितलेसुद्धा नाही. "उगाच जिवाला घोर लावून घेतेस. येतील सातपर्यंत." आईंनी मला पुन्हा ठेवले.

सव्वासात वाजता आईंनी कुणाला न विचारता फोन लावला.

आणि रिंग गेली.

संपलेल्या फोनला रिंग जात नाही. आईंनी मला कानापासून दूर धरून माझ्याकडे पाहिले. रिंग जात होती. कुणी उचलत नव्हते. त्यांनी पुन्हा लावला. तिसऱ्यांदा एका अनोळखी माणसाने उचलला. तो त्या इमारतीचा वॉचमन होता.

"हा फोन वरच्या जिन्यात वाजत होता," तो म्हणाला. "तुम्ही ह्यांच्या कोण?"

गच्चीवरच्या मशीनरूमकडे जाणाऱ्या पायऱ्यांवर मिस्त्री बसलेले होते, भिंतीला टेकून. काम सुरूच झाले नव्हते. जोडीदार त्या दिवशी दुसऱ्या इमारतीत होता. खाली लिफ्टवर 'काम चालू आहे' ही पाटी त्यांनीच लावली होती, म्हणून वर कुणी फिरकले नाही. पातळरावच्या पोटात ऐंशी टक्के बॅटरी होती. वापरलाच नव्हता, तर उरणारच.

डॉक्टर म्हणाले, सकाळी चढतानाच झटका आला असावा, जीव दुपारी गेला असावा. आईंच्या भावाने विचारले, लवकर कळले असते तर? डॉक्टर म्हणाले, "तसं काही सांगता येत नाही."

त्या दिवसापासून मी पातळरावला हिणवत नाही. तो कमअस्सल आहेच, पण तो होता तसाच दुकानात ठेवलेला होता. आपण दुपारपर्यंत टिकू, रात्रीपर्यंत टिकू, असे तो कधी म्हणाला नव्हता. मित्रांनो, फोन घेताना जाडी मोजायला पट्टी लागते, आणि पट्टी कुणाच्याही घरात असते. ज्याच्या खिशात तो जाणार, त्या माणसाचा दिवस किती तासांचा आहे हे मोजायला मात्र त्याच्याकडे बघावे लागते. तेवढे कष्ट घ्या. नसतील घ्यायचे, तर भेट तरी देऊ नका.

आता उरले ते थोडेच आहे. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई एकच सांगत: "माझंच चुकलं. एक फोन लावायचा, तो मी लावला नाही." शेजारीण, मावशी, कंपनीचे लोक, सगळ्यांना. मुलगी शेजारी बसलेली असे. आल्यागेल्याला पाणी देई, खुर्ची पुढे करी, आणि गप्प राही. सोळा दिवस गप्प राहिली. आईंच्या मांडीवरून मी तिचा चेहरा बघत असे, आणि मला वाटे, पातळरावची काच तरी पारदर्शक आहे.

सतराव्या दिवशी दुपारी जोडीदार मिस्त्रींची हत्यारांची पिशवी घेऊन आला. ती त्याने दाराशी हळूच ठेवली, आत आवाज होऊ नये म्हणून.

"वहिनी, ह्यात सगळं आहे. पाने मी पुसून ठेवलेत." मग तो मला आईंच्या हातात पाहून म्हणाला, "ही वीट अजून चालू आहे तर. मी किती वेळा म्हटलं त्यांना, परत घ्या ती. मनगटाला रबरबँडचे वळ उठायचे हो त्यांच्या. तर म्हणाले, नको, पोरगी खट्टू होईल. तिला ती बरी दिसत नाही माझ्या खिशात."

मुलगी उभी होती, ती खाली बसली.

"त्यांना आवडायचाच तो फोन," आई म्हणाल्या. "लेकीने दिलेला. फोनचं काय त्यात? चुकलं ते माझं. एक फोन..."

"आई, थांब," मुलगी म्हणाली.

आई थांबल्या. जोडीदाराने मान खाली घातली.

"तू लावणार होतीस. साडेतीनला विचारलंस, मी नको म्हटलं. पाचला हातात घेतलास, तेव्हाही मीच नको म्हटलं. सोळा दिवस तू सगळ्यांना तुझं चुकलं सांगतेयस आणि मी ऐकून घेतेय." तिने आईंच्या हातातून मला काढून घेतले आणि दोन्ही हातांत धरले. "दुकानातल्या माणसाने मला सांगितलं होतं, हा त्यांना पुरणार नाही. मला ते समजलं होतं. तरी घेतला. बाबांसाठी नाही घेतला, आई. मला बाबांची लाज वाटायची."