केंदूरच्या माळावरची आकडी

केंदूर गावाच्या बाहेर, माळाला लागून असलेल्या एका घराच्या पडवीत मी आडवी टांगलेली असते. मी एक जुनी आकडी आहे, मित्रांनो. वेळूची लांब काठी आणि तिच्या टोकाला वाकवलेला लोखंडी गज, एवढंच माझं रूप. पण या घरात माझ्याकडे पाठ करून कुणी बसत नाही. पाहुणे आले तर तेही नकळत जागा बदलतात. असं का, ते सांगायचं तर मला सुरुवातीपासून सांगावं लागेल.

मी मेंढरांसाठी जन्मले. या घराचे थोरले मालक मेंढरं राखायचे. बाभळीची उंच फांदी खाली ओढायची आणि शेंगा पाडायच्या, हे माझं काम. तेव्हा माझ्या टोकाला विळ्यासारखं पातं होतं. पुढे चराऊ रान कमी झालं, मेंढरं विकली गेली, घराने बाजरी आणि कांदा धरला. थोरले मालकही गेले. मी गोठ्याच्या आढ्यावर पडून राहिले. पात्याला गंज चढला. कोंबड्या माझ्यावर बसायच्या, तेवढीच माझी सोबत.

मला खाली काढलं ते त्यांच्या मुलाने, बिरदेवने. तो कोरेगाव भीमाच्या बाजूला एका कंपनीत कामाला होता. सुट्टीच्या दिवशी मात्र त्याचा पाय घरात ठरत नसे. माळावरचे साप, बेडूक, सरडे बघत हिंडणं हाच त्याचा छंद. त्याचा मित्र पप्पू याचं हायवेला वेल्डिंगचं दुकान होतं. बिरदेव मला तिथे घेऊन गेला.

"पप्पू, हे पातं काढ आन् गोल गज बसीव. धार कुठंच नको."

"धार न्हाई तर आकडीचा उपेग काय?"

"साप उचलायचाय मला. कापायचा न्हाई."

पप्पूने गज तापवून वाकवला आणि कानस घेऊन घासत बसला. शेवटी त्याने माझं टोक स्वतःच्या गालावरून फिरवलं. "घे. माझ्या गालाला लागली न्हाई, तुझ्या सापाला बी लागायची न्हाई," तो म्हणाला. मित्रांनो, त्या दिवशी मला दुसरा जन्म मिळाला.

मग माझे सुखाचे दिवस आले. पावसाळा लागला की पाटसच्या सायली मॅडम यायच्या. त्या दौंडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. त्यांच्याबरोबर शिरूरची, दौंडची चार हौशी माणसं असत. सकाळच्या ओल्या उन्हात सगळे माळावर पसरायचे. बिरदेव माझं टोक दगडाखाली घालून दगड स्वतःच्या बाजूला उचलायचा. म्हणजे आतल्या जिवाला पलीकडे पळायला वाट राही, आणि दगडाची आडही होई. कधी खाली मातीत अर्धा रुतलेला बेडूक निघे. त्याच्या मागच्या पायांना खोऱ्यासारखी कठीण कड असते, तिने माती उकरत तो पाठीकडून जमिनीत शिरतो. कधी जाडसर, आळशी मांडूळ निघे. कधी इवलंसं फुरसं निघे आणि अंगावर अंग घासून करवतीसारखा आवाज काढी. मी त्यांना हलकेच उचलायचे. सापाचं वजन फार नसतं, पण ते सारखं सरकत असतं. मांजराचं पिल्लू कुशीत वळवळावं तसं. सगळ्यांचं बघून झालं की बिरदेव एकच गोष्ट सांगायचा.

"दगूड व्हता तसाच ठिवा. त्याच्या घराचं झाकण हाय ते."

लग्न झाल्यावर त्याची बायको सुषमाही येऊ लागली. पहिल्या दिवशी तिने बेडूक तळहातावर घेतला आणि तो तिच्या हातावरच मुतला, तेव्हा माळभर हसू पिकलं होतं. सुषमाला लवकरच कुठल्या ओघळीत काय सापडतं ते पाठ झालं. बिरदेवची आई अनसाबाई मात्र दारातून ओरडायची, "सापाला हात लावणारा सापानंच जातो रं!" बिरदेव हसायचा.

ऑक्टोबरात एका दुपारी शेजारच्या वस्तीवरून हाक आली. कडब्याच्या गंजीत साप शिरला होता. बिरदेव मला घेऊन गेला. साप कुठल्या बाजूला आहे ते दिसेना, म्हणून त्याने मला गंजीला टेकवून ठेवलं आणि एक पेंढी हाताने ओढली. कुकरची शिट्टी सुटावी तसा आवाज झाला. घोणस होती. तिने त्याच्या मनगटाजवळ दंश केला आणि ती गंजीखाली निघून गेली.

बिरदेव घाबरला नाही. खाली बसला, हात स्थिर धरला आणि म्हणाला, "घोणसच हाय. मला शिक्रापूरला सरकारी दवाखान्यात न्या. तिथं इंजेक्शन मिळतं."

जीप आली. कुणीतरी मलाही उचलून सीटखाली टाकलं. तेवढ्यात अनसाबाई धावत आली. तिने जीपचं दार धरलं. जवळच्या एका खेड्यात विष उतरवणारा देवऋषी होता. आधी तिथे जायचं, असं ती म्हणाली. बिरदेवने मान हलवून नाही म्हटलं. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "माझी शपथ हाय तुला."

त्याने आईकडे बघितलं आणि डोळे मिटले. जीप देवऋषीकडे वळली.

तिथे लिंबाचा पाला, अंगारा, मंत्र असं खूप वेळ चाललं. मी सीटखालून ऐकत होते. बिरदेवच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा जीप शिक्रापूरकडे निघाली. तिथून त्याला पुण्याला हलवलं. सुषमा त्या वेळी माहेरी गेली होती. ती परस्पर पुण्याला पोहोचली, तोवर तो बोलण्यापलीकडे गेला होता. बिरदेव परत आला तो पांढऱ्या कापडात.

मित्रांनो, त्यानंतर या घरात आवाज राहायला आला.

संध्याकाळी दिवा लावताना अनसाबाई मधेच थांबायची. "ऐकलंस?" ती सुषमाला विचारायची. "आलीय ती. कोपऱ्यात हाय." सुषमा कंदील घेऊन कोपरा बघायची. तिथे काही नसायचं. शेजारच्या घरी कुकरची शिट्टी झाली की अनसाबाईच्या हातातलं भांडं पडायचं. सुषमाने घरातला कुकर पोत्यात बांधून माळ्यावर टाकला आणि डाळ पातेल्यात शिजवायला लागली. तरी आवाज जाईना. घोणस डूख धरून आहे, ती या घराचं माणूस नेल्याशिवाय राहत नाही, असं गावातही बोललं जाऊ लागलं. साप डूख धरत नाहीत. शेकडो साप मी उचलले, एकही मला शोधत परत आला नाही. पण हे मी कुणाला सांगणार?

अनसाबाई लोकांना सांगायची की डॉक्टरांच्या औषधाला गुण आला नाही. देवऋषीचं नाव ती काढत नसे. सुषमाच्या कानावर कुजबुज आली असणार. ती विचारत नव्हती, ही सांगत नव्हती. दोघी एकाच ताटात भाकरी मोडायच्या आणि त्यांच्यामध्ये ती न बोललेली गोष्ट तिसऱ्या माणसासारखी बसलेली असायची. अनसाबाईने एकदा मला विहिरीत टाकायला नेलं. सुषमाने मला तिच्या हातातून काढून घेतलं आणि खुंटीवर आडवं टांगलं. तेव्हापासून मी इथे आहे.

गेल्या पावसाळ्यात पप्पू सायली मॅडमना घेऊन आला. माळावर प्लॉट पाडायचं ठरलं होतं, चुन्याच्या रेषाही पडल्या होत्या. जेसीबी यायच्या आधी तिथे काय काय जिवंत आहे ते एकदा बघून घ्यावं, असं मॅडमना वाटत होतं.

"सुषमा, जागा तुलाच ठाऊक आहेत. पण नको वाटत असेल तर राहू दे," त्या म्हणाल्या.

सुषमा उठली आणि तिने मला खाली काढलं. अनसाबाई पडवीतून ओरडली, "सुषमे, तू बी जाणार व्हय? मला एकटीला टाकून?" सुषमा चालतच राहिली, तेव्हा ती अनवाणीच आमच्या मागून चालू लागली.

माळ तसाच होता, पण त्या दिवशी तिथे चालणं फार अवघड होतं. ज्या दगडाला हात लावावा, तो शेवटचा बिरदेवनेच जागेवर ठेवलेला. सुषमाने पहिला दगड त्याच्याच पद्धतीने स्वतःकडे उचलला. खाली बेडूक होता, मातीत अर्धा रुतलेला. तिने तो बराच वेळ बघितला आणि दगड तसाच टेकवला. पुढच्या ओघळीत सायली मॅडमना काहीतरी दिसलं आणि सवयीने त्यांच्या तोंडून हाक गेली, "बिरदेव, इकडे या बरं!"

सगळे जागच्या जागी थांबले. मॅडमनी तोंडावर हात ठेवला. वारासुद्धा पडला होता. मला वाटलं, आता कुणीतरी उत्तर देईल.

आणि तेव्हाच तो आवाज आला. लांब, जोराचा, शिट्टीसारखा.

अनसाबाई ताठ झाली. "ऐकलंत का? तुम्ही बी ऐकलंत का?"

"ऐकलं, आजी," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "खरी घोणस आहे. जागचं हलू नका कुणी."

पण पप्पू दचकून मागे सरला होता. त्याचा पाय निसटला आणि तोल सावरायला त्याने हात टेकला तो नेमका घायपाताच्या बुडाशी, घोणशीच्या तोंडापुढे. तो ओरडला. त्याच्या बोटावर रक्ताचे दोन थेंब होते.

ओरडा ऐकून जवळच्या वस्तीवरचे एक आबा पळत आले. त्यांनी आधी मोठा दगड उचलला. सुषमाने मला त्यांच्यासमोर आडवं धरलं. "राहू द्या आबा. ती चाललीय तिच्या वाटंनं. आधी माणूस बघा." घोणस घायपातात निघून गेली. मॅडमनी पप्पूच्या बोटातली अंगठी काढली आणि ओढणीची झोळी करून हात गळ्यात अडकवला. आबा म्हणाले, "देवऋषी हितनं जवळ हाय. आधी तिकडं चला, मग बघू दवाखान्याचं."

पप्पूचा चेहरा पांढरा पडला होता. भीतीने माणसाचं काय होतं ते मी दुसऱ्यांदा बघत होते. "आबा म्हणत्यात तर... जाऊन येऊ का आधी?" तो पुटपुटला.

"न्हाई!"

अनसाबाई बोलली. इतक्या मोठ्याने की आबा दोन पावलं मागे सरकले.

"तिथं माझा बिरू मेला. त्यो म्हनत व्हता शिक्रापूरला न्या. शानं लेकरू माझं, नीट सांगत व्हता. म्या शपथ घातली. म्या नेला त्याला तिथं." तिने पप्पूचा चांगला हात धरला. "ऊठ. गाडीत बस. आन् चालू नगंस, ह्यास्नी उचलू दे तुला."

सुषमा सासूकडे बघत राहिली. मग वाकली आणि पप्पूच्या खांद्याखाली हात घातला. मी तिथेच गवतात पडून राहिले.

पप्पूला वेळेत इंजेक्शन मिळालं. हात कोपरापर्यंत सुजला, पुष्कळ दिवस दवाखान्यात काढावे लागले, आणि ते बोट आजही वळत नाही. पण तो जगला. दुकानात बसतो, वेल्डिंग करतो.

दुसऱ्या दिवशी सुषमा मला न्यायला माळावर आली. घरी येऊन तिने मला पुसलं. अनसाबाई उंबऱ्यावर बसली होती. सुषमा तिच्याकडे न बघता म्हणाली, "आत्या, गाडीत ते काय बोलले शेवटचं?"

अनसाबाईने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "देवऋषीकडनं निघालो तवा म्हनला... आये, तू रडू नगं. फकस्त बिगी चला."

ते खरं होतं. सीटखाली मीही ऐकलं होतं.

सुषमाने मला खुंटीवर ठेवलं आणि ती आत गेली. तिने सासूला क्षमा केली का, ते मला ठाऊक नाही. पण त्या दिवशी भाकरी तिनेच मोडून सासूच्या हातात दिली. आवाजही पुरता गेलेला नाही. अजून एखाद्या संध्याकाळी अनसाबाई दिवा हातात धरून थबकते.

मित्रांनो, माझी तुम्हाला विनंती आहे. तुम्ही सहलीला जाल, दगड उचलाल, खालच्या जिवाकडे कुतूहलाने बघाल. जरूर बघा. पण मोठ्या, जाणत्या माणसाबरोबर जा, दिसत नाही तिथे हात घालू नका, आणि दगड होता तसा ठेवा. सापाला मारू नका. आणि कुणाला दंश झालाच, तर जवळचं, लांबचं, देवाचं, शपथेचं काही ऐकू नका. सरळ दवाखाना गाठा.

आता आसपासच्या वस्तीवर कुणाला साप चावला की लोक अनसाबाईला सांगायला येतात. ती कुणाला काही समजावत बसत नाही. पायात चपला असोत नसोत, जाऊन गाडीत ड्रायव्हरशेजारी बसते. कुणी देवऋषीचं नाव काढलं तर ऐकलंच नाही असं करते आणि पुढच्या काचेवर थाप मारून म्हणते, "शिक्रापूर."

सापाचं नाव निघालं की अनसाबाईच्या अंगात येतं, असं गावात म्हणतात. म्हणोत बिचारे. त्यातली कितीतरी माणसं आज ते म्हणायला जिवंत आहेत.