आबाजींच्या केसांचा नमुना

दामिनी रत्नागिरीच्या एका प्रयोगशाळेत मेलेल्या देवमाशांचे तुकडे तपासते. वैनगंगेकाठी सावली तालुक्यातल्या तिच्या गावात ही नोकरी समजावून सांगायला तिला तीन वर्षं लागली. तिचे वडील बाबुलाल अजूनही "मासोळीचंच काम हाये" एवढंच सांगतात.

दिवाळीत ती घरी आली, तेव्हा नदीतल्या मरळ माशाचा रस्सा भुरकत आजोबा लटारूंनी विचारलं, "देवमासाच काऊन? समुद्राचं पाणी तपासा ना."

"पाण्यात आजचं दिसते, आबाजी. देवमासा पन्नास वर्षं खात राह्यते. समुद्रातलं विष त्याच्या अंगात साचत जाते. त्याले तपासलं का समुद्र समजते."

लटारूंनी काटा ताटाच्या कडेला ठेवला. "आपल्या वैनगंगेत देवमासा नाई."

"नाई."

"पन सत्तर वर्षं रोज मासोळी म्या खाल्ली. मंग मलेच तपास."

दामिनी हसली. लटारू हसले नाहीत.

मासोळीतून अंगात साचणारं विष म्हणजे पारा, आणि तो केसांत सापडतो. लटारूंना टक्कल होतं. मानेमागच्या उरल्यासुरल्या केसांतून तिनं चिमूटभर कापून नेले.

तीन आठवड्यांनी आकडा आला. पाऱ्याच्या सुरक्षित मर्यादेच्या तिप्पट. तिनं दोनदा पुन्हा मोजलं, जिन्यात बसून रडली आणि मग फोन लावला.

"आबाजी, हात थरथरते का?"

"चहा सांडते. मले वाटलं म्हातारपन हाये."

"मरळ बंद करा. मोठी मासोळी कोनतीच नाई. लहान खा, तेही कमी."



"मंग पुनमचं कसं?"

पुनम म्हणजे दामिनीची वहिनी. तिला सातवा महिना होता. पोटुशीला मरळ चांगली, म्हणून सगळ्यात मोठा तुकडा तिच्या ताटात पडायचा. वाढायचे लटारूच.

त्या दिवसापासून घरात मरळ शिजली नाही. लटारूंनी ढिवर मोहल्ल्यात, मासेमारांच्या वस्तीत, फिरून एकतीस जणांचे केस नाव घालून पुड्यांत बांधले आणि रत्नागिरीला पाठवले. त्यातल्या बऱ्याच जणांचा आकडा मर्यादेबाहेर आला, तेव्हा लटारू तालुक्याच्या कचेरीत गेले.

"नदीचं पाणी तपासलंय. स्वच्छ आहे," साहेब म्हणाले.

"असन. मासोळी तपासा."

"माणूस पाठवतो."

लटारू बाहेरच्या बाकावर बसले. चार दिवस रोज येऊन बसले. पाचव्या दिवशी माणूस गावात आला आणि बर्फाच्या डब्यात नदीतल्या सहा मरळी घेऊन गेला.

पुनमला मुलगी झाली, अडीच किलोची, धडधाकट. मरळींचा अहवाल अजून आलेला नाही. लटारू दर सोमवारी विचारायला जातात. सोबत डबा नेतात. डब्यात वांग्याची भाजी असते. ती त्यांना आवडत नाही.