पिवळा अठ्ठावीस

प्रूफ अपूर्वाच्या टेबलावर ठेवून अर्बनने फोटोतल्या पेट्रिशियाच्या डोळ्यांवर बोट टेकवलं.

"डोळे पिवळे आलेत. फोटोचे रंग छपाईसाठी बदलताना तू कायतरी घोळ घातलायस."

अंधेरीच्या एमआयडीसीतल्या त्या छापखान्यात अपूर्वा कॉम्प्युटरवर बसायची आणि अर्बन एकतीस वर्षं मशीनवर. ती आल्यापासूनच्या चार वर्षांत तो तिच्यावर एकदाही तापला नव्हता. पण हे काम गिऱ्हाइकाचं नव्हतं. पेट्रिशिया त्याची बायको. तिला जाऊन महिना होत आला होता, आणि रविवारी चर्चमध्ये तिच्या महिन्याच्या मिस्सेला वाटायची आठवणीची कार्डं आज छापायची होती. ती आपल्याच हातची असावीत आणि त्यांवर ती होती तशी दिसावी, एवढं एकच त्याने मनाशी धरून ठेवलं होतं.

रंगाच्या बाबतीत छापखान्यात अर्बनचा शब्द शेवटचा. लोक मोबाइलवर फोटो दाखवायचे आणि छापून हातात आला की कुरकुर करायचे, आमचा एवढा झकास निळा असा मेल्यासारखा का दिसतो? अर्बन न चिडता सांगायचा, की बाबांनो, स्क्रीन उजेडाने रंग बनवते, लाल, हिरव्या आणि निळ्या. आपण कागदावर चार शाया चढवतो. उजेडाचा भडकपणा शाईत कुठनं आणू? पण जे शाईत येण्यासारखं असे ते मात्र तो आणायचाच. पिवळा दोन टक्के सरकला तरी त्याला कळे. बल्बच्या पिवळ्या उजेडात पिवळा लपतो, म्हणून बल्बखाली त्याने कधी रंग पास केला नाही. कागद घेऊन शटरबाहेर जायचा, उन्हात धरायचा, आणि तो मान हलवेपर्यंत मालकसुद्धा गप्प उभे राहायचे.

अर्बनच्या मुलीने, ॲमांडाने, पाठवलेला मूळ फोटो अपूर्वाने उघडला. एप्रिलमधला, मढला मेव्हण्याच्या अंगणात सणाच्या दिवशी काढलेला. पेट्रिशिया लाल लुगड्यात मनापासून हसतेय, आणि तिच्या खांद्याला खांदा लावून अर्बन. कार्डासाठी त्याला कापून टाकलं होतं, इथे तो शाबूत होता. हा फोटो त्याने महिन्याभरात मोबाइलवर शंभरदा बघितला असेल. दरवेळी तिचं हसूच बघितलं.

अपूर्वाने बाण पेट्रिशियाच्या डोळ्यातल्या पांढऱ्यावर नेला. बाजूला चारही शायांचे टक्के आले. पिवळा अठ्ठावीस.

बघ, म्हटलं नव्हतं का, असं अर्बन पुटपुटला.

तिने बाण सरकवून शेजारच्या अर्बनच्या डोळ्यावर नेला. पिवळा सहा.

"अंकल, फोटो एकच आहे," ती अगदी हळू म्हणाली. "माझा घोळ असता, तर तुमच्यापण डोळ्यात आला असता ना."

अर्बनला आधी कळलंच नाही. आणि कळलं तेव्हा तो खुर्ची ओढून बसला.

तिला कावीळ निघाली जुलैत. मग पित्ताच्या नळीतली गाठ. डॉक्टर म्हणाले होते, दोन-तीन महिने आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. तेव्हा अर्बन भांडला होता त्यांच्याशी, की आधी काही दिसत असतं तर आणलं नसतं का? आणि एप्रिलमध्ये ती भर दुपारच्या उन्हात त्याच्या खांद्याला लागून उभी होती. तो कॅमेऱ्याकडे बघत होता. त्यानंतरही रोज तिच्या समोर बसून जेवला, स्वयंपाकघरातल्या त्या पिवळ्या बल्बखाली. बल्ब त्यानेच लावला होता.

"दोन टक्के दिसतात गं मला," तो म्हणाला. "हे कसं नाय दिसलं?"

अपूर्वाचेच डोळे भरून आले. तिने विचारलं, की डोळ्यातला पिवळा काढू का, दोन मिनिटांचं काम आहे.

"काढ," तो म्हणाला. "लोकांना तिला बरी असलेलीच बघू दे."

मग तो मशीनवर उभा राहिला. हातांना काम पाठ होतं, ते करत गेले. पहिला कागद घेऊन तो शटरबाहेर गेला, उन्हात धरला. डोळे पांढरेशुभ्र, चेहरा पेट्रिशियाचाच. त्याने मान हलवली आणि कार्डं छापली. जुनं पिवळं प्रूफ मात्र टाकलं नाही, डब्याच्या पिशवीत सपाट ठेवलं.

त्या दिवशी तो दुपारीच घरी गेला. ॲमांडाने दार उघडलं आणि एवढ्या लवकर कसे म्हणून विचारलं. त्याने तिचा हात धरला आणि तिला गॅलरीत आणलं, ऊन येत होतं तिथे.

"डॅडी, काय झालं?"

"वर बघ."

शाईचा अंगठा त्याने शर्टाला पुसला, तिची खालची पापणी हलकेच ओढली आणि कितीतरी वेळ बघत राहिला.

"आता दुसरा दाखव," तो म्हणाला.