ओव्हनची हिरवी तार

मी एक जुना ओव्हन आहे, भिंतीतल्या कपाटात बसवलेला. मित्रांनो, मला दोन पोटं आहेत. वरच्या पोटात मायक्रोवेव्ह, खालच्या पोटात भट्टी. कपाळावर निळ्या आकड्यांचं घड्याळ आहे आणि खालच्या दाराला एक लांब लोखंडी दांडी. नव्या रायपुरात, सेक्टर सत्तावीसमधल्या एका फ्लॅटमध्ये मी राहतो. आता दाराचं रबर कडक झालं आहे आणि आतला दिवा त्याच्या मर्जीने लागतो. पण आज मी म्हातारपणाचं रडगाणं गाणार नाही. माझ्या हातून, म्हणजे या दांडीतून, एका बाईचा जीव जाणार होता. ते मला सांगायचं आहे.

मी आलो तेव्हा छत्तीसगडची ही राजधानी इतकी नवी होती की रस्त्यावर माणसांपेक्षा दिव्यांचे खांब जास्त होते. निरंजनराव मंत्रालयात नोकरीला, मूळचे नागपूरचे. त्यांच्या पत्नी मंजिरीताईंनी मोठ्या हौसेने मला आणलं. सुताराने माझ्या मापाचं कपाट केलं. चौघांनी मला उचललं, कपाटात सरकवलं आणि दोन्ही बाजूंनी स्क्रू आवळले. मागे हवा खेळायला चार बोटं जागा ठेवली. माझ्या पाठीतून तीन तारा निघतात. लाल आणि काळी मला जेवू घालतात. हिरवी काहीच देत नाही. अंगात भरकटलेली वीज ती मुकाट्याने जमिनीत नेऊन सोडते. तिचं कौतुक कुणी केलं नाही, आणि खरं सांगतो, मीही केलं नाही.

पहिली दोन वर्षं माझी चांगलीच चैन होती. माझी नानकटाई खायला अख्खी इमारत यायची. मग हौस फिटली. वरच्या पोटात दूध तापायचं तेवढंच. खालच्या पोटात कढया, तवे आणि कधीच न लागणारे झारे येऊन पडले. भट्टी तीन पावसाळे पेटली नाही. दमट हवा माझ्या तापणाऱ्या कॉइलमध्ये मुरत गेली.

पुढे एकदा मंजिरीताईंना केकची आठवण झाली. भट्टी लावली की बोर्डावरचा सुरक्षेचा खटका खाडकन पडायचा. तो माझ्यावर रागावत नव्हता, वीज गळते आहे असं सांगत होता. राकेश नावाच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याला घाई होती. त्याने मला अर्धवट बाहेर ओढलं, हिरवी तार कापली, टोकावर काळी टेप गुंडाळली. पुन्हा कटकट नको म्हणून तो शहाणा खटका काढून साधा बसवला.

“अब नहीं गिरेगा भैया, गारंटी,” तो म्हणाला.

खटका पडायचा थांबला आणि सगळे खूश झाले. माझ्या अंगातली वीज मात्र आता कुठेच जात नव्हती. ती माझ्या पत्र्यावर, माझ्या दांडीवर येऊन दबा धरून बसली, भट्टी बंद असताना थोडी, लावली की जास्त.

शांताबाई या घरात धुणी-भांडी आणि फरशी करायची. तिचा नवरा उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये कामाला, माणसं भंडाऱ्याकडची. ती दाराबाहेर चपला काढून अनवाणी आत यायची. घरातले सगळे रबराच्या स्लिपर घालून फिरायचे. फरशी पुसून झाली की तिचे गुडघे धरायचे, आणि उठताना ती हमखास माझी दांडी पकडायची. मला ते आवडायचं. एवढ्या विश्वासाने मला दुसरं कुणी धरत नसे.

राकेश गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने दांडी धरली आणि झटकन हात मागे घेतला.

“दीदी, हा डब्बा मले झिनझिन करून राहिला.”

मंजिरीताईंनी येऊन माझ्यावर हात ठेवला. त्यांच्या पायात जाड स्लिपर होत्या. काहीच झालं नाही.

“मला तर काहीच होत नाही शांताबाई. तुम्हालाच काहून होते?”

“मले का मालूम. पण होते.”

निरंजनराव पेपरातून डोकं न काढता म्हणाले, “गुडघ्याची नस असेल.” ते दोघंही वाईट नव्हते. आपल्याला लागत नाही ते खोटंच, असं त्यांनी धरून टाकलं होतं, इतकंच. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अहो, तिच्या पायांकडे बघा! पण मला येतं ते फक्त ‘टिंग’, आणि तेही वेळ संपल्यावर.

शांताबाईने तिच्यापुरता उपाय शोधला. फरशीला पाणी लावण्याआधी ती भिंतीवरचं माझं बटण बंद करायची आणि काम झाल्यावर चालू. त्यामुळे माझ्या घड्याळाचे रोज बारा वाजायचे. १२:०० असं लुकलुकत बसायचं ते. आठ दिवस मंजिरीताईंनी वेळ लावली. नवव्या दिवशी त्या वैतागल्या.

“या बटणाला हात लावायचा नाही, सांगून ठेवते. काम टाळायला नवीन नवीन कारणं काढता तुम्ही.”

शांताबाईचा चेहरा उतरला. तिने कधी एकही खाडा केला नव्हता. “हव,” एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून ती माझ्यापासून हातभर लांब राहून पुसायची आणि भिंतीला धरून उठायची. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भाद्रपद आला. घरात महालक्ष्म्या बसायच्या होत्या. नैवेद्याच्या दिवशी मंजिरीताई न्हाऊन आल्या, सैपाकघराच्या दाराशी थांबल्या आणि त्यांनी स्लिपर काढून ठेवल्या. सोवळ्याचा सैपाक चपला घालून कसा करणार? मित्रांनो, ती दोन अनवाणी पावलं ओल्या फरशीवर पडली.

पोळ्या गरम राहाव्यात म्हणून त्यांनी आधीच माझी भट्टी लावून ठेवली होती, स्लिपर घालून. कॉइल तापत होती, गळती वाढत होती. त्या एकदा माझ्याकडे वळल्या, पण कढी उतू चालली म्हणून परत फिरल्या. दुसऱ्यांदा वळल्या, तर फोन वाजला. तिसऱ्यांदा त्यांनी हात धुतले, पुरणपोळ्यांचं ताट डाव्या हातात घेतलं आणि ओल्या उजव्या हाताने माझी दांडी धरली.

ताट खाली पडलं. त्यांची मूठ माझ्या दांडीवर आवळली गेली आणि सुटेना. तोंडातून आवाजसुद्धा निघेना. मी त्यांना सोडत नव्हतो. सोडणं माझ्या हातात नव्हतं.

ताटाच्या आवाजाने निरंजनराव बैठकीतून धावत आले. पूजेला बसणार म्हणून तेही अनवाणी. त्यांनी बायकोला धरायला हात पुढे केला.

“साहेब, हात नका लावू दीदीले!”

शांताबाई मागच्या बाल्कनीत भांडी घासत होती. राखेच्या हातांनी ती आत आली, मंजिरीताईंकडे गेलीच नाही, थेट भिंतीकडे गेली. कोणतं बटण माझं, हे त्या घरात तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? भिंतीला टेकवलेला कोरडा लाकडी पाट कोपरांत धरून त्याच्या टोकाने तिने ते बटण बंद केलं.

मूठ सुटली. मंजिरीताई फरशीवर बसल्या, पोळ्यांच्या मधोमध, आणि बराच वेळ आपल्या तळहाताकडे बघत राहिल्या. मग हुंदका फुटला. शांताबाईने त्यांना पाणी दिलं. “मी सांगितलं होतं” हे वाक्य तिने उच्चारलं नाही. मला वाटतं, मंजिरीताईंना ते तरीही ऐकू आलं.

डॉक्टरांनी तपासून धोका नाही म्हटलं. चार दिवसांनी जुन्या रायपुरातल्या ब्राह्मणपाऱ्यातून शामराव आले, रेल्वेतून निवृत्त झालेले इलेक्ट्रिशियन. त्यांनी मेन बंद केलं, स्क्रू सोडवले, मला पुरतं बाहेर काढलं. काळी टेप उलगडून त्यांनी हिरव्या तारेचं कापलेलं टोक सगळ्यांसमोर धरलं.

“हे कापणाऱ्यानं चपला घातल्या असतील,” ते म्हणाले, “अन् त्याले वाटलं, सारं जग चपला घालून फिरते.”

त्यांनी कॉइल बदलली, नवी हिरवी तार जोडली, सुरक्षेचा खटका परत बसवला, मला जागेवर नेऊन चारही स्क्रू आवळले. मीटर लावून दोनदा तपासलं. “आता काही भेव नाही.”

पण शांताबाई दाराशीच उभी राहिली. पुढे येईना.

तेव्हा मंजिरीताईंनी स्लिपर काढल्या. नुकत्याच पुसलेल्या फरशीवर अनवाणी चालत आल्या. त्यांनी माझी दांडी धरली आणि धरून ठेवली.

“त्यासाठी मीटर असते ना बाई,” शामराव पुटपुटले. कुणी ऐकलं नाही.

“या शांताबाई,” मंजिरीताई म्हणाल्या. “चुकलं माझं.”

शांताबाईने त्यांच्या हाताकडे पाहिलंच नाही. ती त्यांच्या पायांकडे बघत होती. मग हळूच पुढे आली आणि तिने दांडीचं दुसरं टोक धरलं.

मित्रांनो, माझी काच पुसा, माझ्या पोटात कढया कोंबू नका, वर्षातून एकदा जाणत्या माणसाला माझी हिरवी तार दाखवा. शामराव म्हणतात तसं, तपासायला मीटरच वापरा, स्वतःचा हात नको. पण कुणी म्हणालं की मला झिणझिण्या येतात, तर आधी बटण बंद करा आणि त्याच्या पायांकडे बघा. शामराव गेले त्या दिवशी माझं घड्याळ १२:०० वर लुकलुकत होतं. पुढे कितीतरी दिवस या घरात कुणी त्याची वेळ लावली नाही, की बटण बंद केल्याबद्दल शांताबाईला बोललं नाही.